निकाल लागेपर्यंतचं काय? घटस्फोटाच्या दाव्यातले अंतरिम आदेश, पायरी पायरीने

घटस्फोटाचा दावा दाखल होतो, पहिली तारीख पडते. समन्स न बजावता परत येतं, पुन्हा निघतं. मग समोरचे वकील म्हणणं द्यायला मुदत मागतात. बघता बघता वर्ष सरतं. घरभाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं, मुलाची फी जूनमध्येच भरावी लागते, किराणा आणि औषधं तर रोजचीच. या मधल्या काळासाठी कोर्ट जे तात्पुरते आदेश देतं, त्यांना अंतरिम आदेश म्हणतात. पोटगी, मुलांचा ताबा, मुलांची भेट, राहतं घर आणि दाव्याचा खर्च, एवढं सगळं त्यात येतं.

मी एका कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कक्षात स्वयंसेविका म्हणून बसते. वकील नाही. कागद कुठला, खिडकी कुठली, अर्ज कसा भरायचा हे समजावून सांगणं माझं काम. "निकाल लागल्यावरच काय ते मिळेल ना?" हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकलाय की आता लिहूनच काढते. तसं नाही. निकालाची वाट बघत बसायचं नाही, आणि जे बसतात त्यांचं जे नुकसान होतं ते बहुतेक वेळा भरून निघत नाही.

इथे मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखाली महाराष्ट्रात चालणाऱ्या दाव्यांबद्दल सांगते. इतर कायद्यांत जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हणेन.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अंतरिम अर्जावर चूक कोणाची हे ठरत नाही. कोणी कोणाला काय बोललं, सासूने काय केलं, कोण कोणाला सोडून गेलं, याचा पुरावा आणि उलटतपासणी पुढे होते. या टप्प्यावर कोर्ट फक्त प्रतिज्ञापत्रं आणि कागद वाचतं: दोघांचं उत्पन्न किती, खर्च किती, मुलं कोणाकडे आहेत, डोक्यावर छप्पर आहे का. माझ्यासमोर असे अर्ज येतात ज्यांत भांडणाची अकरा पानं असतात आणि खर्चाची एकच ओळ, "महिना २५,००० रुपये मिळावेत". ती अकरा पानं लिहिताना माणूस किती रडलेला असतो हे मला कळतं. पण न्यायाधीशांना आकडा ठरवायचा असतो, आणि आकड्याला आधार त्या एका ओळीत नसतो.

पहिली पायरी: अर्ज कुठल्या कायद्याखाली

दावा आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम २४. हा अर्ज नवरा-बायको दोघांपैकी कोणीही करू शकतं. दावा नवऱ्याने टाकलाय म्हणून बायकोला मागता येत नाही, असं काही नाही. उलट, उत्पन्न नसलेला किंवा आजारी नवराही कमावत्या बायकोकडून मागू शकतो. या कलमात दोन गोष्टी मिळतात. एक महिन्याची पोटगी, दुसरी दाव्याचा खर्च. दुसरी लोक हमखास विसरतात. वकिलांची फी, टायपिंग, नोटरी, साताऱ्याहून पुण्याला तारखेला यायचं एसटीचं भाडं, हे सगळं त्यात मागता येतं. मागितलंच नाही तर कोर्ट आपणहून देत नाही.

मुलांसाठी त्याच कायद्याचं कलम २६ आहे: ताबा, पोषण, शिक्षण. माझा सल्ला असा की एकाच अर्जात कलम २४ आणि २६ दोन्ही लिहा आणि मुलाचा आकडा वेगळा मागा. पुढेमागे आई नोकरीला लागली आणि तिची रक्कम कमी झाली, तरी मुलाची रक्कम सुरक्षित राहते.

रजिस्टर लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम ३६. तिथे मात्र फक्त पत्नीला मागता येतं. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यातलं कलमही पत्नीपुरतंच आहे. पारशी कायद्यात दोघांनाही आहे.

दावा अजून कोणीच टाकलेला नसेल, तर कलम २४ चालत नाही. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुन्या लोकांना हे "एकशेपंचवीस" म्हणूनच माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला, मूळ गोष्ट तीच राहिली. हे कलम सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या मार्गाने पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. नवरा दुबईत असो की बेळगावात, हा अर्ज बायको स्वतः राहते त्या ठिकाणी करू शकते. कौटुंबिक न्यायालय असलेल्या शहरात तो तिथे जातो, नसेल तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

तिसरं दार घरगुती हिंसाचार कायदा २००५. मारहाण, धमक्या, घराबाहेर काढणं, पैशाची कोंडी, असं काही असेल तर हाच रस्ता सगळ्यात रुंद आहे. कलम १२ खाली अर्ज आणि कलम २३ खाली अंतरिम आदेश. परिस्थिती गंभीर असेल तर समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेशही देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावावी असं कायदा म्हणतो. आणि हे फारसं कोणाला माहीत नसतं: या कायद्यातले आदेश घटस्फोटाच्या चालू दाव्यातही मागता येतात, याच हिंसाचार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे. दोन कोर्टांत खेटे घालायचं बळ नसेल तर वकिलांना हे आवर्जून विचारा. आत्ता या क्षणी जीवाला धोका असेल तर मात्र अर्ज नंतर, आधी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ नंबर फिरवा.

दोन ठिकाणी अर्ज केला तर चालतो. पण पहिल्या कोर्टाने काय दिलंय ते दुसऱ्या कोर्टाला सांगावंच लागतं, आणि रकमा एकमेकींतून वळत्या होतात. लपवलं आणि नंतर उघडं पडलं तर पुढचं सगळं अवघड होतं.

पैशाअभावी कोणी थांबू नका. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. शिक्षिका असाल, बँकेत असाल, तरीही. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका समिती असते. फोनवर १५१०० हा नंबर आहे.

दुसरी पायरी: अर्ज आजच टाका

"आधी समुपदेशन होऊ दे, जमलं तर बघू." हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. समुपदेशन व्हावंच. कौटुंबिक न्यायालयात सुरुवातीला विवाह समुपदेशकांकडे पाठवतातच, आणि तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून वापरलं जात नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोला. पण अर्ज दाखल केला म्हणून समजुतीचा रस्ता बंद होत नाही. अर्ज फाईलला राहतो, बोलणी चालू राहतात.

घाई का, तर पैसे अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात हे स्पष्ट केलं: पोटगी कुठल्याही कायद्याखाली असो, अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. हे प्रकरण आपल्याच नागपूरचं. २०१३ मध्ये अर्ज झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला महिना १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० असा अंतरिम आदेश दिला. तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कायम केला, आणि तरी वाद दिल्लीपर्यंत गेला. सात वर्षं! त्या निकालातल्या सूचना आता देशभरच्या कोर्टांना लागू आहेत.

हिशेब करून बघा. समजा १ जूनला अर्ज टाकला आणि आदेश झाला जानेवारीच्या शेवटी, महिना १२,००० रुपयांचा. आठ महिन्यांचे ९६,००० रुपये थकबाकी म्हणून मिळतात. तोच अर्ज "बघू, बघू" करत डिसेंबरात टाकला असता, तर मधल्या सहा महिन्यांचे ७२,००० रुपये गेले ते गेले.

कलम २४ चा अर्ज समोरच्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यातच लिहिलंय. प्रत्यक्षात तेवढ्यात होईल याच्या भरवशावर राहू नका. नोटीस बजावली जाणंच पुष्कळदा अडतं. म्हणून समोरच्याचा घरचा पत्ता, ऑफिसचा पत्ता, मोबाईल, ईमेल, सगळं अर्जात द्या, आणि बेलिफाकडे, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाकडे, समन्स कधी गेलं याची चौकशी स्वतः करत राहा.

तिसरी पायरी: मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र

अर्धा दावा इथे ठरतो, म्हणून इथे जरा थांबते.

२०२० च्या त्या निकालापासून पोटगी मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही, ठरावीक नमुन्यात प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. शिक्षण, नोकरी, पगार, इतर उत्पन्न, बँक खाती, गुंतवणूक, घर-जमीन, गाडी, कर्ज, अवलंबून असलेली माणसं, महिन्याचा खर्च. सोबत पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंटं. तीन वर्षांचे कागद काढून ठेवा म्हणजे धावपळ होत नाही. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन, पीक, जनावरं असं विचारतात. सात-बारा, कारखान्याची ऊसबिलं, दूध डेअरीच्या पावत्या, अडत्याच्या पट्ट्या हे सगळं तिथे कामाला येतं. "शेती आहे पण उत्पन्न काही नाही" असं समोरून आलं की याच कागदांनी उत्तर द्यायचं.

मागच्या वर्षी एक ताई आल्या. मुलगा आठ वर्षांचा, दोघं माहेरी राहतात. खर्चाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: महिना ८,००० रुपये. मी विचारलं, हा आकडा कुठून आला? म्हणाल्या, "अंदाजे. भाडं नाही ना मला." आम्ही त्यांच्या मोबाईलवरचे पैसे पाठवल्याचे मागच्या तीन महिन्यांचे व्यवहार उघडले, पर्समधल्या मेडिकलच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि एकेक ओळ लिहीत गेलो. किराणा, दूध, भाजी ६,५००. शाळेची फी वर्षाची २४,०००, म्हणजे महिना २,०००. व्हॅन १,४००. शिकवणी ८००. मुलाला दमा आहे, पंप आणि डॉक्टर १,३००. आईच्या हातात घरखर्चाला देतात ते ३,०००; हे त्यांनी लिहिलंच नव्हतं, "आईला दिले ते काय खर्च म्हणायचे?" असं त्यांना वाटत होतं. लाईट आणि गॅसचा वाटा १,१००, मोबाईल ३००, सणवार आणि कपडे वर्षाचे १२,००० म्हणजे महिना १,०००, रिक्षा आणि बस ९००. बेरीज आली १८,३००. आठ हजारांच्या दुपटीहून जास्त, आणि त्यात एक रुपया फुगवलेला नव्हता. ताई बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या. आपण इतके दिवस किती ओढत होतो हे त्यांना त्या बेरजेत दिसलं.

तसंच करा. वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून लिहा. माहेरी राहणं म्हणजे फुकट राहणं नाही. पावती जोडता येईल तिथे जोडा, नसेल तिथे "पावती नाही" असं सरळ लिहा.

आता उत्पन्नाची बाजू. तुम्ही कमावत असाल तर लपवू नका, मग ते शिकवणीचे ३,००० रुपये का असेनात. थोडंफार कमावते म्हणून पोटगी नाकारली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलंय की कमावण्याची पात्रता असणं वेगळं आणि प्रत्यक्ष पुरेसं कमावणं वेगळं. बघायचं ते हे की सासरी ज्या राहणीमानात होतात त्याच्या जवळपास राहता येतं का. खोटं प्रतिज्ञापत्र मात्र फौजदारी कारवाईपर्यंत नेऊ शकतं, आणि समोरचे वकील बँक स्टेटमेंटची ओळन् ओळ वाचतात.

पुरुषांनाही हेच सांगते, कारण तेही माझ्या टेबलाशी येतात आणि पुष्कळदा घाबरलेले असतात. आयकर, व्यवसाय कर, सक्तीचा भविष्य निर्वाह निधी या वजावटी कोर्ट साधारणपणे मान्य करतं. दावा सुरू झाल्यावर काढलेलं गाडीचं कर्ज, वाढवलेली ऐच्छिक कपात, यांनी पगार कमी दाखवायला गेलं तर पत जाते. नोकरी सोडून "आता उत्पन्न शून्य" म्हणणं तर मुळीच चालत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायकोमुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्येही बजावलंय. पण म्हाताऱ्या आईवडिलांचा औषधपाण्याचा खर्च खरा असेल तर तो कागदांसह जरूर मांडा, तो विचारात घेतला जातो. आदेश होण्याआधीच तुम्ही मुलाची फी भरत असाल, घरी पैसे पाठवत असाल, तर ते बँकेतूनच पाठवा. रोख दिलेले पैसे नंतर सिद्ध करता येत नाहीत.

"पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात ना?" असंही विचारतात. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा योग्य ठरेल असं म्हटलं होतं, तिथून हा आकडा सगळीकडे फिरतो. तो नियम नाही. मुलं किती, बायकोचं उत्पन्न किती, नवऱ्यावर आणखी कोण अवलंबून, यावर रक्कम वरखाली होते.

अर्जाच्या शेवटी जी "विनंती" असते ती नेमकी लिहा. इतके रुपये पत्नीला, इतके मुलाला, अर्जाच्या तारखेपासून, दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत, अमुक बँक खात्यात. खाते क्रमांक आदेशात आला तर "पैसे दिले, तिनेच घेतले नाहीत" हा वाद उरत नाही.

चौथी पायरी: सुनावणी

समोरच्याने उत्तर आणि प्रतिज्ञापत्र चार आठवड्यांत द्यायचं असतं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी कोर्टाने देऊ नयेत, आणि मुद्दाम टाळाटाळ दिसली तर बचाव काढून टाकता येतो, म्हणजे त्याचं म्हणणं बाजूला ठेवून पुढे जाता येतं, असं २०२० च्या निकालात आहे. प्रतिज्ञापत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असंही त्यात म्हटलंय. तिसऱ्यांदा मुदत मागितली गेली की तुमच्या वकिलांनी हे उठून सांगायला हवं. त्यांना आठवण करून द्यायला संकोचू नका.

कौटुंबिक न्यायालयात वकील लावण्यासाठी कोर्टाची परवानगी लागते, ती सहसा मिळते. स्वतः बाजू मांडायचीही मुभा आहे. प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात येतं. आपल्या प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर नंबर लिहून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख स्वतः बघत जा. "वकिलांनी सांगितलं नाही" म्हणून एकतर्फी आदेश झालेले लोक मी पाहिलेत.

पाचवी पायरी: मुलं

पैशाच्या अर्जात हिशेब चालतो. इथे फक्त एकच कसोटी आहे, मुलाचं हित. आईचा हक्क, बापाचा हक्क हे शब्द वकिलांच्या तोंडी खूप असतात, पण कोर्ट बघतं ते मूल सध्या कुठे स्थिरावलंय, शाळा कुठली, दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. त्यापुढच्या मुलांचं मत न्यायाधीश चेंबरमध्ये बोलावून, गप्पा मारत, समजून घेऊ शकतात.

अंतरिम टप्प्यावर कोर्ट शक्यतो मुलाची घडी विस्कटत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे मूल आहे त्याच्याकडे ते बहुधा राहतं आणि दुसऱ्याला भेट मिळते. म्हणून दुसऱ्या पालकाने लगेच भेटीचा अर्ज करावा. सहा महिने मूल डोळ्यांसमोर नसेल तर ते परकं होतं, विशेषतः चार-पाच वर्षांचं. मुलाला ओढून नेणं, शाळेतून परस्पर घेऊन जाणं, हे कधीही करू नका. त्याने ताबा मिळत नाही, उलट हातातली भेटही जाते.

भेट मागताना मोघम "भेटू द्यावं" असं लिहू नका. कुठला वार, किती ते किती, कुठे, मूल आणून कोण सोडेल, हे लिहा. उदाहरणार्थ: दर शनिवारी दुपारी ३ ते ६ आणि बुधवारी संध्याकाळी ७ वाजता वीस मिनिटं व्हिडिओ कॉल, दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, मे महिन्यात दहा दिवस मुक्कामी, वाढदिवसाला दोन तास, शाळेच्या पालकसभेला दोघांनाही मुभा. व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच मान्य केलाय, त्यामुळे नोकरीसाठी दूर असलेल्या पालकाने तो नक्की मागावा. सुरुवातीला विश्वास नसेल तर भेट कोर्टातल्या मुलांच्या कक्षात होते, जशी मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात होते. पुढे सुरळीत गेलं की घरी, मग मुक्कामी असं वाढवत नेता येतं.

अशा एका कक्षाबाहेर मी पाहिलेला बाप आठवतो. डब्यात शिरा आणला होता, मुलीने हात लावला नाही. पुढच्या शनिवारी त्याने शिरा आणला नाही, रंगपेटी आणली आणि स्वतःच चित्र काढत बसला. तिसऱ्या शनिवारी मुलगी त्याच्या शेजारी बसून त्या चित्रातला सूर्य रंगवत होती. भेटीच्या तासात दाव्याबद्दल, आईबद्दल, बापाबद्दल एक शब्दही काढू नका. मूल घरी जाऊन सगळं सांगतं, आणि नाही सांगितलं तरी ते मनात ठेवतं.

पोटगी थकली म्हणून भेट अडवायची नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवायची नाही. दोन्ही स्वतंत्र आदेश आहेत. मूल परदेशी नेलं जाण्याची भीती असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ नये असा आदेश मागा, आणि पासपोर्ट कोणाकडे आहे ते अर्जात लिहा.

सहावी पायरी: राहतं घर

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेला तिथे हक्कच नाही, हा समज १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने मोडला. जिथे ती नवऱ्याबरोबर संसार करत होती ते घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी "सामायिक घर" ठरू शकतं. हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली घराबाहेर काढण्याला मनाई, घर विकायला किंवा गहाण टाकायला मनाई, किंवा त्याऐवजी दुसऱ्या घराचं भाडं, यांपैकी काहीही मागता येतं. नवऱ्याला घराबाहेर जायचा आदेशही होऊ शकतो, घरातल्या स्त्रीला मात्र नाही. याचा अर्थ घराची मालकी मिळते असा नाही. ज्येष्ठ नागरिक कायद्याचा वापर करून सुनेला बाहेर काढायचा प्रयत्न होतो, तेव्हा लगेच विधी सेवेकडे या. तो कायदा सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप पुसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय.

स्त्रीधन परत मिळण्याचा आदेशही हिंसाचार कायद्याच्या याच कलम १९ खाली. दागिन्यांची यादी, वजन, लग्नातले फोटो, सराफाच्या पावत्या आत्ताच गोळा करा.

सातवी पायरी: आदेश झाला, पैसे येत नाहीत

आदेशाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज टाका. मग एक वही करा: महिना, देय रक्कम, जमा रक्कम, बाकी. ही वही पुढे वसुलीच्या अर्जाला जशीच्या तशी लागते.

कलम २४ चा आदेश पाळला नाही तर दिवाणी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते, पगारावर जप्ती आणता येते. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एकतृतीयांश भाग सोडून बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. शिवाय थकवणाऱ्याचा बचाव काढून टाकावा, आणि दावा त्यानेच टाकलेला असेल तर तो पुढे चालवू नये, अशी मागणीही करता येते. ही मागणी पुष्कळदा जप्तीपेक्षा लवकर काम करते, कारण दावा पुढे न्यायची घाई त्याला असते.

कलम १४४ खालचा आदेश असेल तर वॉरंट निघतं, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही. इथे एक सापळा आहे: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. "एकदम दोन वर्षांचे मागू" म्हणून थांबलात तर पहिल्या वर्षासाठी वॉरंट मिळणार नाही. मी दर चार-सहा महिन्यांनी अर्ज करायला सांगते.

हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात आधीच देऊन ठेवा आणि पोहोच घ्या.

आठवी पायरी: बदल आणि शेवटची तारीख

अंतरिम आदेश दगडावरची रेघ नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, मूल मोठ्या शाळेत गेलं, पगार वाढला, तर त्याच कोर्टात बदलाचा अर्ज करता येतो. पण बदल होईपर्यंत जुना आदेश पाळायचाच. आदेश मुळातच चुकीचा वाटत असेल तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. तिथे स्थगिती मागायला गेलं की बहुधा आधी थकबाकीतला काही भाग भरायला सांगतात.

आणि दाव्याच्या शेवटी लक्षात ठेवायची गोष्ट. कलम २४ ची पोटगी दावा चालू असेपर्यंतच असते. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, झाला, दावा काढून घेतला किंवा फेटाळला गेला, की ती पुढे थांबते. मागची थकबाकी तेवढी वसूल करता येते. कायमच्या पोटगीसाठी कलम २५ चा वेगळा अर्ज लागतो. तो निकालानंतरही करता येतो, पण मग पुन्हा नोटीस, पुन्हा बेलिफ, पुन्हा तारखा, आणि मधले महिने कोरडे. म्हणून युक्तिवाद सुरू होण्याआधी वकिलांना विचारा, "पंचवीसचा अर्ज फाईलला आहे ना?" आणि नुसत्या "हो"वर थांबू नका, रोजनाम्यात त्याची नोंद झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा.